वास नसलेले काम

बाबा, मलकपेठच्या घरात तुम्ही माझ्यावर एकदाच ओरडलात, तो दिवस मी अजून मनातून काढू शकलेले नाही. नववीच्या पुस्तकात प्रयोग होता: कोंबडीचे हाड शिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, बुडवून ठेवले की काही दिवसांनी रबरासारखे वाकते. खाटकाकडून मागून आणलेली हाडे मी घासून धुतली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत वर्तमानपत्रावर वाळत घातली. तुम्ही कचेरीतून येता, दारातच थबकता. "माझ्या घरात हाडं? याच्यासाठी शिकवलं का माय तुला?" कागदासकट ती बाहेर जातात. मग तुम्ही कोपरापर्यंत साबणाने हात धुता, पुन्हा धुता, आणि न जेवता भिंतीला टेकून बसता.

कारण तुम्ही नंतर सांगितलेत. गावची मेलेली गुरे ओढणे आपल्याच लोकांच्या माथी होते. लहानपणी आजोबांच्या मागे पोते घेऊन तुम्ही माळावर हाडे वेचायचात. स्टेशनावरचा व्यापारी ती खताच्या कारखान्यासाठी घ्यायचा. तुम्ही वर्गात पाऊल टाकले की पोरे नाक दाबून "हाड, हाड" करायची, कुत्र्याला करतात तसे. "अंगाचा वास जातो गं," तुम्ही म्हणालात, "नाकातला जात नाही. तू कंप्यूटर शीक. त्याला वास नसतो." आणि दिलसुखनगरच्या क्लासला तुम्हीच मला घेऊन गेलात. मराठी शाळेत पहिली येणारी मी तिथे इंग्रजीतून एक शंका विचारायला धजत नसे. जिन्याखाली उभे राहून तुम्ही विचारायचात, "समजलं का?" मी "हो" म्हणायची.

तुम्ही वारल्यावर सारे शहरच संगणकाच्या मागे लागले. मला मात्र त्याच संगणकाने हाडांपाशी आणून सोडले. पोलिसांना सापडलेल्या, ओळख हरवलेल्या माणसांच्या हाडांचे तुकडे स्कॅन होऊन माझ्या पडद्यावर येतात. एकेक तुकडा फिरवीत मी तुटलेल्या कडा जुळवते. जिथे काही उरलेले नाही, तिथे राखाडी रंग ठेवते, मनाने काही भरीत नाही. शेजारच्या खाला, म्हणजे मावशी, विचारतात, "कंप्यूटर में है ना बच्ची?" मी "हौ" म्हणते. आईलाही तेवढेच ठाऊक आहे.

परवा दगडाच्या खाणीत सापडलेली एक कवटी पूर्ण जुळली. कपाळावर लहानपणीच भरून आलेली खोक होती, म्हणून तीच खूण तक्रारीत लिहून देणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईला पोलिसांनी बोलावले. तिचा मुलगा कामाला म्हणून गेला, तो परतला नव्हता. ती पडद्याकडे पाहत राहिली. "इमली के झाड से गिरा था. इधरीच लगा था." मग अगदी हळू, "हात लगाऊं क्या, बेटी?" मी खुर्ची बाजूला घेतली. तिने पदराने बोटे पुसली आणि काचेवरून त्या कपाळावर हात फिरवला, ताप पाहावा तसा.

बाबा, त्या पोत्यातल्या हाडांची अशी वाट कोणी पाहत नव्हते. तुमच्या रागाला मी आजही चूक म्हणणार नाही. पण त्या बाईपुढे मी "हाड" हा शब्द उच्चारू शकले नाही, आणि तो तुम्हाला ऐकवणेही मला जमले नसते. हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून लिहिते: माझ्या हाताला माउसखेरीज काही लागत नाही, तरी रोज घरी आल्यावर मी तुमच्यासारखेच कोपरापर्यंत हात धुते. परवा धुतले नाहीत. तशीच जेवायला बसले.