कागदाबाहेर बघणारा

१२ जानेवारी, सोमवार

परत काठावर गेला! प्रमोदला कागदाच्या मधोमध काढायला घेतलं होतं. रेषा सरकत सरकत त्याला डाव्या कडेला घेऊन गेल्या. तोंड बाहेर, समुद्राकडे. पाठीमागे सगळा कागद रिकामा.

बोट बुडून दीड वर्ष झालं. बाकीचे खलाशी सापडले, माझा भाऊ नाही. आत्मारामकाका म्हणतात — आता पुण्यानुमोदन करून घ्या, त्याला निरोप द्या. पण विधीत मांडायला फोटो एकच, माझ्या लग्नातला. त्यातही तो कडेला, अर्धा चेहरा कापलेला. म्हणून हे चित्र.

विषय निघाला की आई उठून परसात जाते.

१४ जानेवारी

हर्णेला बिल्किस मॅडमकडे जाऊन आले. मला शाळेत चित्रकला शिकवायच्या. मधोमध काढलेला जुना प्रयत्न बघून हसल्या. "रेणू, हा भाऊ आहे की आधार कार्ड?"

कडेचं चित्र मात्र खिडकीपाशी नेऊन बघितलं. मग म्हणाल्या — माणूस जिकडे बघतो तिकडे जागा सोडावी. नाहीतर बघणाऱ्याची नजर त्याच्या मागोमाग कागदाबाहेर जाते. परत येत नाही.

परत येत नाही! बुरोंडीला घरी येईपर्यंत तेच कानात.

१५ जानेवारी

चित्र भिंतीला टेकवून ठेवलंय. भाकरी थापताना सारखं वाटतं, मागे वळून बघेन तेव्हा तो आणखी थोडा पुढे गेलेला असेल.

१९ जानेवारी

नव्या कागदावर फिरवला त्याला. जागा तीच, पण तोंड आत — घराकडे. रिकामा कागद त्याच्या पुढ्यात आला आणि चित्र एकदम शांत झालं. तोल सापडला. इतकं सोपं होतं?

आई कितीतरी वेळ बघत राहिली. "बारीक झालाय गो."

जेवताना तिने एक बांगडा वेगळा काढून झाकून ठेवला. कुणासाठी, ते विचारायची हिंमत झाली नाही.

२१ जानेवारी

काका आले. "शनिवारी करायचं ना, वहिनी?"

"कुणाचं?" आईने चित्राकडे बोट केलं. "येतोय तो. दिसत नाय तुम्हाला?"

काका माझ्याकडे बघत राहिले. मी काय करून बसले! निरोप द्यायला चित्र काढलं, आणि त्याला दारात आणून उभा केला.

२२ जानेवारी

दोन्ही चित्रं आईसमोर ठेवली. मॅडमच्या हिशेबाने पहिलं चूक, दुसरं बरोबर. पण पहिल्यात प्रमोद आहे. दुसऱ्यात फक्त आमची इच्छा.

"ह्याच्यात पाठ का फिरवलीस त्याची?"

"मी नाही फिरवली, आई."

 जेवताना तिने बांगडा वेगळा काढला नाही आज.

२४ जानेवारी, शनिवार

सकाळी उठले तर टेबलावर, बुद्धमूर्तीच्या बाजूला, पहिलं चित्र. आईनेच मांडलेलं. फुलं, मेणबत्त्या सगळं उजवीकडे. डावी बाजू मोकळी दिसली म्हणून मी तिथे फुलदाणी ठेवायला गेले. तिने माझा हात धरला.

"तिकडं नको गो. त्याची वाट हाय ती."