नळीची आतली लांबी

सोमवार, ३ मार्च
एकशे बारा नंबरची बंदूक मी गज न घालता ‘रिकामी’ लिहिली. इथे तरी खरं लिहितो.

जुन्या बंदुकांच्या नोंदणीचा शेवटचा दिवस. रांग पार जिन्यापर्यंत! काम सोपं — नळी बाहेरून टेपने मोजायची, मग गज, म्हणजे लोखंडी सळई, नळीत सोडून आतून. गज कमी गेला तर आत दारू ठासलेली, बंदूक जप्त. पूर्ण गेला तर रिकामी. परवाना मिळतो, घरात शोभेला ठेवता येते.

कुणाच्या तरी नळीत आमचा एकुलता गज अडकला. बंदुका तपासणारे आमचे मिस्त्री तो काढायला बंदुकीसकट आत गेले. समोर शिवणवाल्या मावशी उभ्या. सासऱ्यांची ठासणीची बंदूक, जुन्या चादरीत गुंडाळलेली. मागून ओरडा — “अहो, झोप लागली का?” बाहेरून बेचाळीस इंच भरली. आधीचीही बेचाळीसच होती. तिचाच आतला आकडा उतरवला. शिक्का मारला.

संध्याकाळी मिस्त्रींनी रोजच्यासारखी गजाच्या पेटीची किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाले, “एवढ्या गर्दीत एक खाडाखोड नाही!”

मंगळवार, ४ मार्च
जेवताना मिस्त्री सहज बोलले — “ठासणीची बंदूक म्हातारी असते, बहिरी नसते. साठ वर्षांनी ठिणगी पडली तरी ओ देते.”
मी डबा तसाच झाकून ठेवला.

गुरुवार, ६ मार्च
मावशींच्या दुकानात गेलो. निमित्त — पँट अर्धा इंच आखूड करायची. बंदूक भिंतीवर. खाली टेबल, टेबलावर कोळशाची इस्त्री. आणि नळीच्या बरोबर तोंडाशी त्यांची नात पाढे लिहीत बसलेली!

“आणखी काही, साहेब?”
“नाही.”
नाही म्हणालो!

सांगितलं तर त्यांची बंदूक जाईल. आणि माझी नोकरी. सातवी शिकलेल्याला निव्वळ अक्षरावर मिळालेली. महिनाअखेर कायम करणार आहेत. आईने तर सगळ्या गल्लीत सांगूनही टाकलंय.

पण ती पोर तिथेच बसते.

शनिवार, ८ मार्च
पुन्हा तीच पँट घेऊन गेलो. मावशी म्हणाल्या, “साहेब, आता कापली तर चड्डी होईल. सोबत दप्तरही शिवून देऊ का?” मग हळूच — “काही सांगायचंय का?”

“बटण सैल झालंय,” म्हणालो. सैल नव्हतं. त्यांनी ते तोडलं आणि पुन्हा लावून दिलं.

नातीला म्हटलं, खिडकीपाशी बस, उजेड आहे. “तुम्ही कोण सांगणार?” म्हणाली. खरंच, मी कोण?

रविवार, ९ मार्च
उद्या मिस्त्रींना सांगायचं. वाक्य पाठ केलं आहे.

सोमवार, १० मार्च
नाही सांगितलं. मिस्त्री दोनदा टेबलापाशी येऊन उभे राहिले. दोन्ही वेळा मी दौत पुसत बसलो.

मंगळवार, ११ मार्च
पेटीतून गज काढला, सदऱ्याखाली लपवला, आणि मावशींकडे गेलो. सगळं सांगून टाकलं. त्यांनी मशीन थांबवलं, नातीला बाहेर पिटाळलं, बंदूक उतरवून दिली.

गज सोडला. ठक्! पार तळाला लागला. रिकामी! मी मोठ्याने हसलो. थोडं रडलोही.

मावशी हसल्या नाहीत.

“बाळा, त्या दिवशी भरलेली होती. मलाही ठाऊक नव्हतं. मिस्त्री त्याच संध्याकाळी आले, सगळं काढून, नळी धुऊन गेले. म्हणाले, गज माझ्या हातात होता, मग पोराने मोजलं कशाने? पण पोरगा सरळ आहे, आपणहून येऊन सांगेल. आठवडाभर मी विचारणार नाही, तुम्हीही बोलू नका.”

मी बोटांवर दिवस मोजले.
“काल संपला आठवडा,” त्या म्हणाल्या. “संपत आला होता म्हणून तर शनिवारी तुला विचारलं.”

बुधवार, १२ मार्च
सकाळी मिस्त्रींना सगळं सांगितलं. “बरं,” म्हणाले. संध्याकाळी त्यांनी पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.