बॅटरीवरचं मशीन आणि आंदणाची भांडी

मेस्त्रीनू, तुम्ही गेलात त्याला दहा वर्षं झाली आणि आज मी तुम्हाला सांगायला बसलोय ते एका मशीनबद्दल. हसाल तुम्ही. मधल्या काळात मी कुठेच वर्षभर टिकलो नाही. वाळपईला गॅरेजात, शिरगावला खाणीच्या शेडमध्ये, पणजीत एका हॉटेलच्या कुलपांवर. एकदा नुसता बसमधून फिरत चार महिने काढले, पण ती वेगळी गोष्ट. गेल्या दिवाळीनंतर डिचोलीला परत आलो तेव्हा तुमच्या घरच्यांनी काही न विचारता वर्कशॉपची किल्ली माझ्या हातात ठेवली. तुमचा ठोकळा आहे तिथेच आहे. टोचे मात्र गंजलेत. भांड्यांवर नावं घालून घ्यायला आता फारसं कोणी येत नाही, लग्नात स्टील देतात.

महिन्यापूर्वी पेडण्याकडचा एक माणूस दुकानात आला. आठ वर्षं आखातात काढलेली, अंगाला अजून तिकडच्या अत्तराचा वास. त्यानं पेटीतून मशीन काढून ठोकळ्यावर ठेवलं. जाड मेणबत्तीएवढं, शेपटाला बॅटरी, टोकाला बारीक चक. त्यात सान म्हणजे घासायचा बारीक दगड लावा, कटर लावा, पॉलिशचं कापडी बोंडूक लावा, गरगर फिरतं. "वायर नाय, काय नाय," तो म्हणाला. "माडार चडलंस तरी चलात. पंधरा दिस वापर आणि माका सांग, वर्कशॉपाक उपेगाचा काय नाय. बरा आसा म्हणालंस तर आणखी धा हाडतंय." मी म्हटलं, गिऱ्हायकाच्या भांड्यार परीक्षा करूचंय नाय. "माझ्या घरातली जुनी भांडी दितंय. वयर कायबाय कोरलेला आसा, ता साफ करून बघ." आणि भांड्याक भोक पडला तर? "तर चाळण म्हणान वापरतलंय." दोघेही हसलो. जाताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात जरा जास्त वेळ राहिला, हे मला आज आठवतंय. तेव्हा मी मशीन बघत होतो.

तुम्ही असता तर पहिल्यांदा ते कानाशी धरलं असतं. आवाज बारीक आहे, भिंतीपलीकडे गांधीलमाशी कोंडल्यासारखा. तीन तास चार्ज केलं तर वीस-पंचवीस मिनिटं चालतं, आणि शेवटची पाच मिनिटं नुसतं कण्हतं. जोर दिला की थांबतं. समईच्या मानेत, किटलीच्या चोचीत, जिथे आपली कानस पोचत नाही तिथे झकास जातं. कुलपाचा गंज काढायला चांगलं. अक्षर कोरायला अगदी वाईट. गोल भांड्यावर टोक घसरतं, रेघ उथळ आणि भेकड येते, तुमच्या टिंबाटिंबाच्या अक्षरासारखी धातूत बसत नाही. हे सगळं मी वहीत लिहून ठेवलं, तुम्हाला दाखवायचं असल्यासारखं. मग सान लावून आपल्याच मोडीतल्या एका तांब्यावरचं कोरीव घासून बघितलं. आधी सान, मग बारीक कागद, मग बोंडूक. पितळ बोटाला चटका बसेल इतकं तापलं, पिवळी धूळ उडाली, आणि जिथे दोन ओळी होत्या तिथे काही नव्हतं.

तुमचा एक दिवस सांगतो. भाषेवरून सगळीकडे भांडणं चालली होती ते दिवस. एक गृहस्थ येऊन म्हणाले, नाव कोंकणीत घाल, मराठीत नाका. तुम्ही घातलंत, म्हणालात, घेवा, कोंकणीत घातला. दुसऱ्या दिवशी दुसरे आले, त्यांना मराठीत हवं होतं. त्यांनाही तसंच घातलंत, तीच अक्षरं, तेच वळण, आणि दोघेही खूश होऊन गेले. पण मला सांगायचा होता तो दिवस हा नव्हे. मी एका तांब्यावर एक अक्षर चुकलो आणि तुम्ही जेवायला गेलात तेवढ्यात कानशीनं ते घासून काढलं, पुन्हा नीट घातलं. तुम्ही आलात, तांब्या उजेडात धरलात. माझं मनगट पकडून म्हणालात, "हंय बोट फिरव. डोळे मीट." मी डोळे मिटतो. बोटाखाली खळी लागते, तांदळाच्या दाण्याएवढी. "लागली?" लागली. "नाव घालूक तुका शिकवतंय. काढूक मी कोणाक शिकवूचंय नाय." मारलं नाहीत.

या मशीनची तीच परीक्षा घेतली. डोळे मिटून बोट फिरवलं. खळी नव्हती. कडेपर्यंत सगळीकडे सारखं, पाण्यासारखं. वहीत लिहिलं, साफ करायला एक नंबर. त्या माणसाला निरोप दिला तसं दुसऱ्याच दिवशी टेम्पोतून पोतं आलं. तीन तांबे, लहान घागर, परात, हंडा, समई. प्रत्येकावर दोन ओळी, एका बाईचं नाव आणि खाली तिच्या माहेरचा गाव. मी अक्षराकडे बघितलं नाही, बॅटरी किती टिकते तेवढंच बघत होतो. पाच दिवस तेच काम केलं. घरात केस धुतले की पाणी पिवळं व्हायचं. सहाव्या दिवशी तो भांडी घेऊन गेला. मशीनबद्दल एक शब्द विचारला नाही. वही पुढे केली तर म्हणाला, "रवांदी. कळला माका."

काल सकाळी एक बाई आली. पन्नाशीची, कपाळ मोकळं, पिशवीत एक तांब्या. त्या माणसाच्या मोठ्या भावाची बायको. तिचा स्वतःचा भाऊ आजारी म्हणून महिनाभर माहेरी गेली होती. परत आली तर माळ्यावरची आंदणाची भांडी खाली ओळीनं मांडलेली, लख्ख, आणि येत्या सोमवारी वाटण्यांना पंच बोलावलेले. आपल्याकडचा रिवाज मी तुम्हाला काय सांगू. नाव असलेलं भांडं तिचं, बिननावाचं घराचं. पंच कागद मागत नाहीत, भांडं उलटं करून बघतात. तिच्या मालकीचं त्या घरात दुसरं काही नाही.

तिनं तांब्या ठोकळ्यावर ठेवला. "झिला, हेच्यार माझ्या आवशीन नाव घालून घेतलेला. तुझ्या मेस्त्रीन घातलेला, ह्याच जाग्यार बसान." मी तांब्या फिरवत राहिलो. "आता नाय," ती म्हणाली, जणू मला ते ठाऊकच नव्हतं. "परत घाल." मी म्हटलं, "घालतंय काकी. पण ता नवीन दिसतला. कालच घातल्यासारखा." तिला समजायला थोडा वेळ लागला. मग ती खाली बसली. मी सातही भांड्यांवर तिचं नाव घातलं तरी पंच म्हणणार, हिनंच चोरून घालून आणलं. खरं नाव आता खोटं दिसेल आणि कोरं पितळ खरं. उरते ती फक्त माझी जीभ. "पंचांका सांगशीत मरे, आधी नाव होता म्हणान?" मी म्हटलं, बघतंय. ती तांब्या ठेवूनच गेली.

आज दुपारी तिचा तो दीर येऊन गेला. बसला नाही. दारातूनच म्हणाला, "मशीन तुझ्याकडेच रवांदे. आमका परत नाका." मी काही बोलण्याआधी स्कूटर चालू केली. मशीन आता फळीवर आहे, त्याचा हिरवा दिवा लागलेला आहे. वाळपईची गाडी उद्या साडेसातला सुटते, आणि माझं सामान एका पिशवीत मावतं, हे तुम्हाला माहीत आहे.

हे पत्र कुठे टाकणार? तुमच्या पत्त्यावर मीच राहतो. सोमवारी पंचांसमोर उभा राहिलो तर सगळं सांगावं लागेल, म्हणून आधी तुम्हाला सांगून जीभ वळते का ते बघत होतो. वळली नाही. वर एक गोष्ट खोटी लिहिली आहे. अक्षराकडे मी बघितलं होतं. दुसरं भांडं, ती लहान घागर, उलटी केली तेव्हाच तुमचा हात ओळखला. मग उठून दार लोटून घेतलं, आणि मशीन चालू केलं.