बोटीची दाढदुखी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे आठही अंगांनी. त्यांतली सात सध्या फायबरच्या कुसळांनी खाजत आहेत. आठवं कुठलं ते आठवत नाही, पण तेही खाजत असावं.) आम्ही खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. तुझी तब्येत कशी आहे हे फोनवर विचारलं की तू "बरी आहे" म्हणतेस आणि माझं पुढचं वाक्य सुरू व्हायच्या आत फोन ठेवतेस. कागदाचं त्या मानानं बरं असतं. तो रागानं खाली ठेवला तरी पुढचं लिहिलेलं पुसलं जात नाही. तेव्हा सावकाश वाच, आणि चष्मा लावून वाच.

विषय बोटीचा आहे. घडी घालू नकोस, चांगली बातमी आहे. भाऊजी गेल्यावर तू मला बोलावून घेतलंस आणि अंगणातल्या ताडपत्रीकडे पाठ करून सांगितलंस, की ही ब्याद माझ्यासमोरून ने, नीट करून वीक, नाहीतर मोड, पण मला पुन्हा दिसता कामा नये. तेव्हापासून तू तलावाकडची खिडकीसुद्धा उघडत नाहीस हे मला ठाऊक आहे. (मागच्या वेळी आलो होतो तेव्हा ती उघडायला गेलो, तर कडी गंजून बसलेली.) मी पडलो दातांचा डॉक्टर, त्यात दवाखाना बंद करून घरी बसलेला. बोटीतलं मला ओ की ठो कळत नाही. पण तुला नाही म्हणायची सवय तू मला लहानपणीच लागू दिली नाहीस. तेव्हा फाटक काढलं, बोट गॅरेजमध्ये घेतली, फाटक परत बसवलं. तेव्हापासून हिची गाडी रस्त्यावर उभी असते, आणि ती दर सकाळी गाडीवरची पक्ष्यांची कामगिरी मला नेऊन दाखवते.

आता पेशंटची हकीकत. तुझ्या आठवणीत ती लालभडक, टोकदार नाकाची, रस्त्यानं ट्रेलरवरून निघाली की लोक वळून बघतील अशी असेल. माझ्या ताब्यात आली तेव्हा तिचा रंग सुजलेल्या हिरडीसारखा झाला होता. फायबर कुजत नाही असं जो तो छातीठोकपणे सांगतो. खरंही आहे. पण त्या काळातल्या बोटींच्या फायबरच्या पोटात लाकूड दडवलेलं असतं, आणि ते मात्र मनसोक्त कुजतं. म्हणजे वरून दात ठणठणीत आणि आतून पोकळ, हा तर माझाच विषय! मी कपाटातून तोंडात घालायचा जुना आरसा काढला आणि त्याच्या दांड्यानं बोट ठोकून बघू लागलो. चांगल्या जागी 'टण्' वाजतं, कुजल्या जागी 'भद्'. मागच्या बाजूला, जिथे इंजिन टांगतात तिथे, सगळं भद्-भद्च होतं. हातात आरसा असल्यामुळे जन्माची सवय उफाळून आली आणि मी बोटीला मोठ्यानं विचारलं, "इथे दुखतंय का?" नेमके त्याच वेळी शेजारचे हरकतकाका भिंतीवरून डोकावत होते. (यांचं खरं नाव वेगळं आहे. पण ते आमच्या भोंग्याला, झाडाला, पाहुण्यांना आणि एकदा तर आमच्या कपडे वाळत घालण्याच्या क्रमालाही हरकत घेऊन गेलेले आहेत.) त्यांनी त्या दिवशी कसलीच हरकत घेतली नाही, निमूटपणे घरात गेले.

मागची फळी मी मुळासकट काढली. म्हणजे काढली कसली, चमच्यानं खरवडली. चहाचा चोथा असतो तसं लाकूड झालं होतं. नवी बसवून वर फायबरचं कापड आणि रेझिन लावायचं होतं. रेझिनमध्ये हार्डनर घातला की ते घट्ट होतं, हे मला नव्यानं शिकायची गरज नव्हती. उभा जन्म मी तेच केलं. पण दातात भरताना आपण वाटाण्याएवढं कालवतो. इथे भोक मोठं, म्हणून मी हिशेबानं बादलीभर कालवलं. ताई, वाटाणा मुकाट्यानं घट्ट होतो, बादली होत नाही. ती आधी गरम झाली, मग फसफसली, मग तिच्यातून असा धूर निघाला की मी आणि ही अंगणात जाऊन एकमेकांचा हात धरून उभे राहिलो. (लग्नाच्या फोटोनंतर बहुतेक पहिल्यांदाच.) धूर विरल्यावर बादलीच्या आकाराचा एक दगड उरला, त्यात माझा ब्रश उभा. तो दगड आता बाहेरचं दार आपटू नये म्हणून लावला आहे, आणि आल्यागेल्याला ही तो कौतुकानं दाखवते.

खाजेचं थोडक्यात सांगतो. ग्राइंडर लावला की फायबरची बारीक भुकटी उडते. माझे कामाचे कपडे हिनं घरातल्या बाकी कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकले. दुसऱ्या दिवशी तिच्या मैत्रिणीचा निवृत्तीचा समारंभ, आणि आम्ही दोघं इस्त्रीच्या कपड्यांत पहिल्या रांगेत. भाषण रंगात आलेलं, आणि इकडे मी पाठ खुर्चीवर घासतोय, ही माझ्या खांद्यावर मान घासतेय. भाषण करणाऱ्या साहेबांना वाटलं आम्ही कंटाळून चुळबुळ करतोय. त्यांनी भाषण आटोपतं घेतलं, आणि जेवणाच्या वेळी कितीतरी लोक आमचे आभार मानून गेले.

आता मुख्य गोष्ट लिहितो. इथे मला जरा हसू येत नाही, तर सांभाळून घे.

स्टीअरिंगसमोरच्या सीटवर बसलो की माझे गुडघे चाकाला लागायचे. सीट उचकटली तर खाली एक लाकडी ठोकळा निघाला. कोणीतरी ठिगळ लावलंय असं समजून मी तो काढून भिंतीपलीकडे फेकला आणि दोन्ही सीट अगदी समपातळीत बसवल्या. स्वतःवर खूश होऊन दिवसभर शिट्टी वाजवत होतो. पुढे कव्हरांची मापं घ्यायला ही आत चढली, चाकासमोर बसली आणि म्हणाली, "मला नुसतं गॅरेजचं छत दिसतंय. समोरचं काही दिसतच नाही." ही तुझ्याच उंचीची, हे तुला माहीत आहे. मी हातातली टेप घेऊन तिथेच उभा राहिलो.

तुम्ही दोघं पाण्यावर निघालात, चाकासमोर तू आणि शेजारी भाऊजी, की मी काठावर डबे आणि चपला राखत बसायचो. (बोटीत माझं काय होतं ते एकदा आपण सगळ्यांनी बघितलं. ती सीट भाऊजींनी धुतली आणि त्याबद्दल जन्मात चकार शब्द काढला नाही.) तुम्ही परत येताना लांबून आधी दोन डोकी दिसायची, अगदी एका रेषेत. जमिनीवर तू त्यांच्या खांद्यालाही लागत नव्हतीस. काठावर पाय टेकला की तू ऐटीत सांगायचीस, बघ, पाण्यावर मी यांच्याएवढीच होते! आणि भाऊजी मान डोलावून म्हणायचे, पाण्याचा गुण आहे. तो पाण्याचा गुण नव्हता, ताई, तो ठोकळा होता. कडा पॉलिश पेपरनं गुळगुळीत केलेल्या, वर बोटीचाच लाल रंग, आणि सगळा सीटच्या पेटीआड, दिसू नये असा लपवलेला. त्यांनी तुला कधी सांगितलं नसावं. सांगितलं असतं तर तू ऐट केली नसतीस, आणि त्यांना ती ऐट बघायची होती, असं मला वाटतं. मला ते हे लिहितानाही फार आठवताहेत.

ठोकळा शोधायला निघालो तर तो हरकतकाकांच्या मोठ्या कुंडीखाली सापडला. परत मागितला तर त्यांनी हरकत घेतली. मग मी त्यांना भिंतीपाशी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. ते आत गेले, बराच वेळ आले नाहीत, आणि आले ते कुंडी बाजूला करून ठोकळा धुऊन, पुसून. पण रोजच्या पाण्यानं तो फुगून उकलला होता. मूळ उंची किती होती ते आता कोणालाच सांगता येणार नाही.

असो. बोट तयार आहे. परवा एक गिऱ्हाईक येऊन बघून गेलं, पण त्याला पसंत पडली नाही. हल्लीच्या लोकांना पारख राहिलेली नाही, दुसरं काय. तू काळजी करू नकोस, औषधं वेळेवर घे, आणि उत्तर दोन शब्दांत पाठवू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. हे मी लिहितेय, ह्यांची बायको. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. गिऱ्हाइकाला बोट बेहद्द पसंत होती. ह्यांनीच त्याला तिची दुखणी सांगितली, असलेली आणि नसलेलीही. तो निघाला तर ह्यांनी "दिवसातून दोनदा ब्रश करा" म्हणून निरोप दिला, इतके खुशीत होते. आणि ताई, हल्ली हे लाइफ जॅकेट घालून टीव्ही बघतात. सवय व्हावी म्हणून.

ता. क. हिनं काय लिहिलं ते मी वाचलं. खोटं नाही. बोट विकायची नाहीये, मोडायचीही नाही. मी नवा ठोकळा केला आहे, लाल रंगही दिला आहे, पण मुद्दाम स्क्रूनं आवळलेला नाही. ही बसून दाखवते म्हणते. पण एकीच्या जबड्यावर बेतून दुसरीची कवळी करायची पद्धत आमच्या धंद्यात नाही. दात भरला की पेशंटला चावून बघायला सांगतात आणि विचारतात, उंच लागतंय का? तू येऊन चाकासमोर बस. भाऊजींच्या जागी मी बसेन, उलटीची गोळी आणून ठेवली आहे. हरकतकाका काठावर चपला सांभाळतील, त्यांनी कबूल केलंय. आणि डोकी एका रेषेत दिसतात की नाही ते लांबून हीच सांगेल. पण उंच लागतंय का, ते तुझं तुलाच सांगावं लागेल.