पोत्याला लावलेला हात

अकोला, मंगळवार, सायंकाळ

माझा अशील सलीम दालमिलमध्ये हमाल आहे; त्याची कंबर गेली आहे. त्याला तिथेच हलके काम मिळायला हवे, एवढेच मला आज सिद्ध करायचे होते. मिलच्या डॉक्टरांनी चाचणी ठेवली ती अशी: तुरीचे पोते पाठीवर घेऊन रचलेल्या पोत्यांच्या थप्पीपर्यंत चालणे. सलीम वाकला मात्र, सोबतच्या दोघा हमालांनी सवयीने हात लावून पोते त्याच्या पाठीवर चढवले. तो चालला. डॉक्टर म्हणाले, "जमते की!"

एक पोते म्हणजे दिवसभराची पोती नव्हेत, हे मी परोपरीने मांडले. व्यर्थ.

नंतर त्या दोघांना विचारले, "हात कशाला लावलात?"

"आपल्या माणसाले एकट्यानं उचलू द्याचं काय, वकीलसाहेब?"

सलीम कसाबसा हसला. "पोतं टाकलं असतं तं यायनंच मले बसून खानारा जावईबापू म्हटलं असतं."

उद्यापासून तो पुन्हा थप्पीवर. आणि तो हात! त्या मायेला मी कोणत्या युक्तिवादाने खोडणार होतो?

निघताना सलीमला रिक्षात चढता येईना. त्याच दोघांनी हात लावून त्याला उचलून आत बसवले. डॉक्टर तेव्हा निघून गेले होते.