आधी कोणाला उतरवायचं

राजवाड्याची गल्ली, तंजावूर
४ जानेवारी १९६६

चि. सेतुमाधव यास अ. उ. आ.

तुझ्या अम्माला आता जिना चढवत नाही. डॉक्टर म्हणाले, मुलाची भेट घडवायची तर उन्हाळ्याची वाट पाहू नका. तू चार वर्षं पुढच्या वर्षी येतो म्हणतोस. लंडनात विमानांचं काम करतोस आणि एकातही बसत नाहीस! ते काम तरी काय, मला समजेल असं लिही.

पत्रात हात आखडू नये, ही विनंती.

अप्पा

लंडन
१७ जानेवारी

ती. अप्पांस सा. न. वि. वि.

आमची विमानं आकाशात नसतात, कॉम्प्युटरमध्ये असतात, नुसते आकडे. धावपट्टी एक; एक उतरतं, बाकीची वर घिरट्या घालत थांबतात. गर्दीत किती थांबावं लागेल ते असं आधीच कळतं. नियम साधा, आधी येईल तो आधी उतरेल. मार्चअखेर माझा अहवाल जाईल, त्यावर विमानतळाची नवी व्यवस्था ठरेल. तो दिला की निघतोच. अम्माला तेवढं थांबायला सांगा.

माया आहे तशीच ठेवावी.

सेतु

तंजावूर
३० जानेवारी

चि. सेतुमाधव यास अ. उ. आ.

ओरत्तनाडूच्या अन्नछत्रात मी एकवीस वर्षं पंगती बसवल्या. आधी येईल तो आधी बसेल, हा नियम मीही केला होता. मग दुसऱ्या पंगतीसाठी थांबलेली एक बाई ओसरीवरच भोवळ येऊन पडली. दोन दिवस उपाशी चालत आली होती. तेव्हापासून दारातच विचारू लागलो, शेवटचं कधी जेवलात? तुझी विमानं वर थांबतात, त्यांच्या पोटात किती उरलंय हे कोण विचारतो?

अम्माला थांबायला सांगितलं.

अप्पा

लंडन
११ फेब्रुवारी

ती. अप्पांस सा. न. वि. वि.

इंधन मी धरलंच नव्हतं. माझी विमानं कितीही वेळ फिरत आणि एकही पडत नसे. ते घालून पुन्हा चालवलं, तर एका संध्याकाळच्या गर्दीत तीन पडली, कागदावरच. साहेबांना चूक सांगितली. अहवाल लांबला, तो आता दुसरा कोणी देईल. खरं सांगतो, लाज वाटली ती विमानांपायी नाही. ६ मार्चचं तिकीट काढलं आहे.

सेतु

तंजावूर
२२ फेब्रुवारी

चि. सेतुमाधव यास अ. उ. आ.

तुझं पत्र अम्माला वाचून दाखवलं. विमानं वर फिरवत ठेवतात, एवढंच तिच्या मनात राहिलं आहे. काल उठून बसली आणि मला हे लिहायला लावलं. तिथल्या माणसांना सांग म्हणते, घरी पान वाढलेलं आहे, माझ्या मुलाला आधी उतरवा.

बाकी समक्ष.

अप्पा