सोललेली लेबलं

आईच्या लाडक्या चिरंजीवांस,

फ्रिजमधल्या इंजेक्शनांच्या खोक्यांवरची माझ्या नावाची लेबलं तू सोलून टाकलीस. का, तर आपण मुलासाठी उपचार घेतोय हे आईंना कळू नये! धन्य आहे तुझी. आता प्रवासाला निघताना विमानतळावर ही औषधं माझीच आहेत, हे कोण पटवणार? मी डॉक्टरीणबाईंकडून नवी लेबलं आणि पत्र आणायला चालले आहे. तोवर बर्फाच्या पिशव्या फ्रीझरमध्ये ठेव. औषधं मात्र खालीच राहू देत. गोठली तर फुकट जातील. एवढं तरी जमेल ना?

आईंना मी सकाळीच सगळं सांगितलं, तुझ्या रिपोर्टसकट. त्या म्हणाल्या, "उणीव त्याची, मग सुया तू का टोचून घेतेस गं?"

उत्तर तुझ्यासाठी राखून ठेवलं आहे. त्या बाहेरच्या खोलीत वाट बघत बसल्या आहेत.